सुधाचा माड

"कुमुद, हयसर ये. कान लाव."

शंभूआबा माडाला मिठी मारून उभे होते. मी गडग्याच्या अलीकडे, कमरेवर ओल्या गोधड्यांची बादली. शिमगा तोंडावर आलेला. मुंबईकर मंडळी येणार म्हणून घरातलं होतं नव्हतं तेवढं पांघरूण धुऊन माझे हात भरून आले होते, आणि ह्यांना माडाशी गुजगोष्टी सुचत होत्या.

"आबा, माका धुण्याचो डोंगर पडलो असा."

"डोंगर खय पळान जाता? कान लाव म्हणतंय ना!"

ह्या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं होऊन गेली. शंभूआबा म्हणजे आमच्या ह्यांचे चुलते. त्यांची बाग आणि आमची बाग शेजारी शेजारी, मध्ये कमरेएवढा दगडांचा गडगा. काकी वारल्यापासून आबा एकटेच होते, मुलगा सुधा मुंबईला. त्यांचं जेवणाचं ताट मी रोज गडग्यावरून पलीकडे द्यायची आणि रिकामं ताट घेताना आमचं कडाक्याचं भांडणही गडग्यावरूनच व्हायचं. कालवणात मीठ कमी, नाहीतर भात गार. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि माझ्याही.

मी बादली ठेवली, गडगा ओलांडला आणि माडाला कान लावला. आधी नुसता वाऱ्याचा आवाज. मग आतून बारीक, सावकाश, कुरुम कुरुम. पलीकडच्या खोलीत कुणी चुरमुरे खात बसावं आणि वाटा द्यायला लागू नये म्हणून हळू चावावं, तसं.

"बाई गं! आत कोण असा?"

"सोंड्यो भुंगो अंडी घालून गेलो. आता तेची पोरां जेवतत," आबा म्हणाले.

मी वर पाहिलं. शेंड्यातला कोंब वाकडा होऊन तपकिरी पडला होता. खोडाला छातीएवढ्या उंचीवर भोकं पडलेली, त्यांतून तांबूस रस गळत होता. झालं होतं ते असं. आधी शिंगवाल्या भुंग्याने शेंडा पोखरला. पावसाचं पाणी त्यात शिरलं, बुरशी धरली, कोंब कुजला. कुजल्याच्या वासावर सोंड्या भुंगा आला आणि त्याने खोडात घर केलं. आबांनी काय कमी केलं होतं? साठी उलटलेला माणूस, शेंड्यावर चढून मीठ-राख भरली, मोरचूद आणि चुना कालवून निळं औषध चोपडलं. पण उशीर झाला होता. कृषी खात्याचा माणूस येऊन स्वच्छ सांगून गेला होता, हा माड गेला. तोडा आणि जाळा. ठेवलात तर ह्यातून निघणारे भुंगे तुमची बाग खातील, मग शेजारची. आबांनी त्याला कोयता दाखवून बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं.

शेजारची म्हणजे माझी. गडग्याला लागून माझे माड होते. मी स्वतः खड्डे काढून लावलेले, पंप बिघडला त्या उन्हाळ्यात विहिरीवरून कळशीने पाणी घालून जगवलेले. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांना पोय, म्हणजे फुलोरा, आली होती. मला दोन मुलं आहेत, तरी सांगते, ते माड मला मुलांएवढेच होते.

"मगे आबा, आता तरी तोडूया?"

"नाय."

"अहो, स्वतःच्या कानान आयकतास आणि नाय म्हणतास?"

"नाय म्हटलंय मां?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "तुमच्या एका मेलेल्या माडापायी माजे जिते माड मारतलास? कसली ही अक्कल! उद्या माज्या बागेत कुरुम कुरुम सुरू झाला म्हणजे तुमी काय कान लावून बसतलास?"

एरवी त्यांनी चार सुनावल्या असत्या. त्या दिवशी विहिरीच्या काठावर जाऊन बसले.

"हो सुधाचो माड," ते म्हणाले.

ते मला ठाऊक होतंच. आमच्याकडे घरटी असा एखादा माड असतो. मूल जन्मलं की त्याची नाळ खड्ड्यात पुरायची आणि वर नारळ रुजत घालायचा. सुधाचा काकींनी घातला होता.

"ती म्हणायची, दोघांचो जीव एक. आता गेल्या पावसातला आठव. कोंब पिवळो पडलो आणि त्याच आठवड्यात निरोप इलो, सुधा कामावर परांचीवरना पडलो, पाय मोडलो. हय कोंब वाकडो, थंय पाय वाकडो. आणि आता मी ह्या माडाक कोयतो लावलंय, तर..."

हसण्यावारी नेणारी असते तर नेलं असतं. पण माझ्या थोरल्याचा माड आमच्या विहिरीपाशी उभा आहे आणि वादळ सुटलं की मी आधी त्याच्याकडे बघते. मग मी कुणाला शहाणपण शिकवू?

रात्रीचा स्वयंपाक करताना नारळ खवत होते आणि एकदम डोक्यात आलं. होळी!

आमच्या गावात होळीला माड नाहीतर पोफळ लागते. गावकरी ढोल वाजवत कुणाच्याही बागेत शिरतात, आवडेल त्या झाडाला आंब्याचे टाळे, म्हणजे डहाळ्या, बांधतात, नारळ फोडतात, झालं. झाड देवाचं. मालकाला कुणी विचारत नाही, आणि मालक नाही म्हणत नाही. उलट त्याचा मान. झाड खांद्यांवरून मांडावर, म्हणजे गावाच्या शिमगा खेळायच्या जागेवर, न्यायचं, उभं करायचं, पहाटे होम करून जाळायचं. आबांच्या हाताला कोयता लागणार नाही, माड कुणी मारला असं होणार नाही, आणि त्या किडीची राख होईल. मला माझ्याच हुशारीचं एवढं कौतुक वाटलं की खवणीवर बोट कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी राघो गावकराकडे गेले. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. तो अंगणात ढोल उन्हात तापवत बसला होता.

"राघोबा, औंदा होळी खयची?"

"देव सांगतलो तुका."

"देवाक माज्याकडून सांगा, शंभूआबांच्या बागेत गडग्याक लागून एक सरळ माड असा."

राघोने ढोलावरचा हात काढला. "सुधाचो?"

"तोच."

"म्हातारो कोयतो घेऊन अंगावर येतलो गो."

"माज्या अंगावर येतलो. ढोलाच्या नाय येणा."

राघो हसला. "बघतंय," म्हणाला. तो बघतंय म्हणाला की काम झालंच समजायचं.

होळीच्या आदल्या दिवशी सुधा आला. एस्टीतून उतरून बॅग खांद्यावर टाकून चालत आला, जरासा लंगडत, पण तोंडभर हसत. आल्या आल्या गडग्यावरून ओरडला, "वयनी, सोलकढी असा मां?" आबा पडवीत उभे राहून त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखत होते. तो आत गेला तसे म्हणाले, "सुधा, उद्या होळीक खांदो लावू नको हां. पाय..."

"आबा, पाय एकदम बरो असा. जिने चढतंय-उतरतंय दिवसभर!"

"लावू नको म्हणतंय."

"बरा, बरा," सुधा म्हणाला. त्याचं बरं बरं मला तो लहान होता तेव्हापासून माहीत होतं. त्याला काही अर्थ नसायचा.

होळीच्या दुपारी ढोल वाजत आले आणि आबांच्या बेड्यात वळले. मी गडग्यापाशी उभी. राघोने माडाला टाळे बांधले, बुंध्याशी नारळ फोडला आणि सगळे पडवीकडे बघायला लागले. आबा बाहेर आले. हातात कोयता नव्हता. ते माडापाशी गेले, खोडावर तळवा ठेवून थोडा वेळ उभे राहिले, गुलालाचं बोट लावलं आणि मागे न बघता घरात गेले. दार ओढून घेतलं.

सुटले गं बाई! मी गडग्यावरच बसकण मारली. माझ्या त्या पोय आलेल्या माडांकडे बघून मला रडूच यायला लागलं.

कुऱ्हाडी चालल्या. होळी तोडताना जमिनीला टेकू द्यायची नाही. दोर लावून झुकवायची, वरच्यावर खांद्यांवर झेलायची आणि मांडावर रोवली जाईपर्यंत खाली ठेवायची नाही. टेकली तर गावाला वाईट, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. "हुऽऽरा रे हुऽऽरा!" करून सगळ्या गावाने माड झेलला आणि वाजतगाजत माझ्या समोरून न्यायला लागले.

आणि तेव्हा मला ती भोकं दिसली. त्यांतून तो तांबूस रस कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर ठिबकत होता.

आता काय सांगायचं? होळी टेकता कामा नये हे मला माहीत. माड आतून पोकळ झालाय हेही मला माहीत, कान लावून ऐकलेलं. पण बोलणं बंद असलेल्या जावा एका घरात राहाव्यात तशा ह्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या राहत होत्या. त्यांची गाठ तिथे, त्या क्षणी पडली. पोकळ खोड, तेही हिंदकळत, नाचवत, घाटीवरून मांडापर्यंत न्यायचं! आणि तो पांढरा शर्ट सुधाचा होता.

"सुधा! अरे सुधा, भायर ये!"

ढोलापुढे माझा आवाज कुठला पोचतोय? त्याने मला बघून हात हलवला आणि आणखी जोरात नाचायला लागला. लंगड्या पायाने! मी गडगा उतरून धावत सुटले. बायकांनी होळीला शिवायचं नाही, तरी मी घुसायला बघत होते. आमच्या ह्यांनी डोळे वटारले. मी त्यांना ओरडून सांगितलं, "माड मोडतलो!" ते म्हणाले, "काय? माड ओढतलो?" आणि दोर आणखी ओढला. शिमग्यात ह्या पुरुषांना ऐकू येत नाही ते येतच नाही.

तेवढ्यात मागून आबा धावत आले. धोतर खोचलेलं, डोक्यावर टोपी नाही, दोन्ही हात वर. काहीतरी ओरडत होते.

"म्हातारो इलो रे! माड परत मागता!" कुणीतरी ओरडलं आणि ढोल दुप्पट जोरात वाजायला लागले. मलाही तसंच वाटलं. मी त्यांचा दंड धरला.

"आबा, देवाचो झालो तो आता. नका अडवू!"

त्यांनी माझा हात झिडकारला. माझ्या तोंडाशी तोंड आणून ते काहीतरी म्हणाले. मला फक्त "सुधा" एवढंच ऐकू आलं.

मांडावर खड्डा खणून तयार होता, चांगला छातीइतका खोल. बुंधा आत सरकवला, बांबूच्या कैच्या लावल्या, दोर ताणले. बुंधा सरळ बसतोय का बघायला कुणीतरी खड्ड्यात उतरून खाली बसावं लागतं. कोण उतरणार? आमचं रत्न! मी बघते तोवर सुधाने उडी मारली होती.

माड उठायला लागला. तिरका, आणखी वर, जवळजवळ सरळ. क्षणभर मला वाटलं, निभावलं.

आणि तो मोडला. आवाज मोठा नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा भसकन झाला. भोकं होती तिथूनच वरचं सगळं खोड कोसळलं आणि नेमकं त्या खड्ड्यावर आडवं पडलं. माणसं बाजूला पळाली. ढोल थांबले. फुटलेल्या खोडातून कुजका भुसा आणि अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या भळाभळा बाहेर पडल्या आणि मांडभर वळवळायला लागल्या.

"सुधा!"

आबांचा तो आवाज मी विसरणार नाही. त्यांनी त्या खोडाला एकट्याने खांदा लावला. मग भानावर येऊन सगळे धावले, खोड बाजूला लोटलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले. देवा, माझे माड सगळे घे, एक ठेवू नकोस, पण हा पोरगा दे, असं अगदी शब्दांत म्हटलेलं मला आठवतं.

"आबा, हात द्या. शी! ही घाण कसली ती!"

खड्ड्यातून सुधाचं डोकं वर आलं. केसांत भुसा, गुलाल आणि मधोमध एक लठ्ठ अळी.

आबांनी त्याला बाहेर खेचला आणि तपासायलाच लागले. डोकं, मान, हात, बरगड्या. "पाय? पाय दाखव."

"बरो असा, आबा."

"दुसरो?"

"तोही बरो! आता सगळ्या गावासमोर माजी पॅन्ट काढतलास काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी त्या मोडक्या माडाकडे बघितलं, मग सुधाकडे, मग परत माडाकडे.

"माड मोडलो," ते म्हणाले.

"होय आबा. आमी नीट धरूक व्हयो होतो..." सुधा खाली मान घालून म्हणाला.

"माड मोडलो, आणि तू हयसर उभो."

"उभोच असंय."

"माड मोडलो आणि तू उभो!" आबा तिथेच त्या भुशात मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. रडता रडता मधेच हसायचे आणि सुधाचा तो मोडलेला पाय दोन्ही हातांनी दाबून बघायचे. माझेही डोळे घळाघळा वाहायला लागले.

पण गावाची कुजबुज सुरू झाली होती. होळी टेकली. होळी मोडली. आता वर्षभर काय भोगायचं? म्हाताऱ्यांचे चेहरे उतरले. तेव्हा राघो पुढे आला. एरवी त्याच्याबद्दल मी वाईटच बोलते, पण त्या दिवशी त्याने गाव सावरला. नारळ हातात घेऊन खणखणीत आवाजात सुरू केलं,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव उगीच पुटपुटला.

"आज गावान तुका होळी आणली, ती मधीच मोडली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मोडली तां बरा झाला म्हाराजा! तिच्या पोटातली कीड आमच्या बागांवर येवची होती, ती तू हयसर तुज्या पायाकडे भायर काढलंस! शंभूच्या झिलावर येवचा होता, तां माडावर घेतलंस!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज चढला होता.

"तशीच माडापोफळींवरची, लेकराबाळांवरची इडापिडा हयसरच जाळून खाक कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

ढोल परत घुमले. पहाटेची वाट कुणी बघितली नाही. तिथल्या तिथे गवत, पेंढा आणला, माडाचे तुकडे रचले आणि पेटवलं. बायकांनी सुपांत भरभरून अळ्या आगीत टाकल्या. मी तर चिमट्याने एकेक शोधून टाकली आणि प्रत्येकीला शिवी दिली.

उभी करायला होळी मात्र पाहिजेच होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तसे आबा उठले, नाक पुसलं आणि म्हणाले, "माजी विहिरीकडची पोफळ घेवा. बागेत सगळ्यात सरळ तीच असा. जावा, बघतास काय?"

आग बघत उभी असताना मी राघोला म्हटलं, "आबा माड परत मागूक धावले, पण शेवटी दिल्यानी हां."

राघो माझ्याकडे बघतच राहिला. "परत मागूक? गो बाय, म्हातारो तू येऊन गेलीस तेच्या दुसऱ्या दिवशी माज्याकडे इललो. म्हणालो, माजो माड होळीक घेवा. माज्या हातान तोडूक माका जमाचा नाय, आणि गडग्यापलीकडच्या माडांचो काय गुन्हो? फक्त खोड पोकळ असा, सांभाळून नेवा, आणि सुधाक जवळ येऊक देव नको."

"आणि मगे?"

राघोने डोकं खाजवलं. "गडबडीत इसारलंय."

"इसारलंस? मेल्या राघो!" हातातला चिमटा मी त्याच्यावर उगारला आणि तो होळीभोवती पळाला. गावाला वाटलं शिमग्याची थट्टा चाललीय.

सकाळी धुळवडीची पोरं अजून उठायची होती. मी चहा घेऊन गडग्यापाशी आले तर आबा पलीकडे नव्हते. अलीकडे, माझ्या बागेत होते. एकेका माडाला कान लावत, पुढे सरकत. शेवटच्या माडापाशी थांबले, पोय आलेल्या.

"कुमुद, हयसर ये. कान लाव."

चहा तसाच गडग्यावर ठेवला आणि पळत गेले. कान लावला. श्वास धरून ऐकलं. दुसरा कान लावला.

"आबा, माका तर काय एक आयकाक येणा नाय."

"तांच आयक," आबा म्हणाले.

आणि त्यांनीही माडाला कान लावला. पडवीत सुधा घोरत होता, चहा गार होत होता, आणि आम्ही दोघं माडाच्या दोन बाजूंना कान लावून कितीतरी वेळ तसेच उभे होतो.